मग?

“त्या संध्याकाळी शहराने आपली सावली हरवली,” लेखकाने खुर्चीतूनच मोठ्याने वाचलं आणि स्वयंपाकघराकडे कान लावले.

“काय म्हणालात, काका?” आतून प्लंबरने विचारलं.

“काही नाही. तुझं चालू दे.”

त्याने ओळ खोडली. शहराची सावली हरवो नाहीतर सापडो, कोणाला काय त्याचं.

बायको होती तेव्हा हे काम सोपं होतं. नव्या पुस्तकाची पहिली ओळ तो याच खुर्चीतून वाचायचा आणि ती आत भाजी चिरता चिरता ऐकायची. ओळ फसली असेल तर म्हणायची, “कांदे संपलेत.” जमली असेल तर सुरी थांबायची आणि आतून एवढंच यायचं, “मग?” त्या ‘मग’च्या जोरावर त्याने आजवरची सगळी पुस्तकं लिहिली. समीक्षकांनी नंतर डोक्यावर घेतलं काय आणि झोडपलं काय, त्याला फरक पडत नसे.

ती गेल्यापासून घोडं पहिल्याच ओळीवर पेंड खात होतं. मुलाला फोनवर ओळी वाचून दाखवल्या, तर तो प्रत्येक ओळीला “मस्त आहे, बाबा” म्हणाला. एका मित्राने ओळ ऐकून घेतली आणि लगेच स्वतःची कविता काढली. कौतुक त्याला नकोच होतं. पुढे काय झालं, एवढं कोणीतरी विचारायला हवं होतं. मग तो रिकाम्या स्वयंपाकघरालाच ओळी ऐकवू लागला. तिथून फक्त गळक्या नळाची टपटप यायची. तेवढी सोबतही त्याला पुरायची, म्हणून तो दुरुस्ती टाळत आला होता. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याला घरी बोलावून भिंतीला आलेली ओल दाखवली, तेव्हा कुठे त्याने प्लंबरला फोन केला.

“काका, हा एवढा आवळलाय कोणी? फिरतच नाहीये.”

“मीच. रोज आवळतो, तरी गळतो.” लेखकाचं लक्ष कागदावर होतं. तो सहज बोलून गेला, “तो नळ फक्त आमच्या हिलाच बंद करता यायचा.”

आतली खटखट थांबली.

“मग?”

लेखक दचकला. तोच शब्द, त्याच ओट्यापासून आलेला. त्याने समोरचा खोडलेला कागद बाजूला सारला. आत प्लंबर पुन्हा कामाला लागला.

लेखकाने नवा कागद घेऊन पहिली ओळ लिहिली: तो नळ फक्त तिलाच बंद करता यायचा. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

जरा वेळाने प्लंबर हात पुसत बाहेर आला. “वायसर गेला होता, नवीन टाकलाय. आता कोणालाही बंद होईल, काका.”

तो गेल्यावर लेखकाने दार लावलं आणि खुर्चीत येऊन बसला. आता दुसरी ओळ सुचली. जुन्या सवयीने त्याने दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या आणि स्वयंपाकघराकडे कान लावले.

आत आता नळही गळत नव्हता.