मनवाचा हलणारा दात

सात वर्षांच्या मनवानं जिभेनं समोरचा दुधाचा दात हलवून दाखवला, तशा भूलतज्ज्ञ सबनीस मॅडम वाकून तो निरखू लागल्या. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तिला भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची होती आणि वाट नेमकी त्या दाताखालूनच जात होती.

“घशात बघायच्या माझ्या कॅमेऱ्यानं नळी घातली, तर दाताला धक्काही लागणार नाही,” त्यांचे तरुण सहकारी डॉक्टर लोखंडे म्हणाले.

“कॅमेऱ्याशिवाय तीस वर्षांत माझ्या हातून एकही दात पडलेला नाही,” मॅडमनी ठणकावलं.

रुग्णालयात या दोन पद्धतींच्या तुलनेचाच अभ्यास चालू होता, त्यामुळे निवड बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर होती. चिठ्ठी मॅडमच्या बाजूनं निघाली.

त्यांनी देवाचं नाव घेऊन नळी घातली. बावीस सेकंद लागले, दात जागच्या जागी. लोखंडेंकडे बघत बघत त्यांनी तक्त्यात लिहिलं, ‘दात शाबूत’.

शुद्धीवर येताच मनवानं तोंडात जीभ फिरवली आणि तिचा चेहरा पडला.

“वर्गात सगळ्यांचे पडले, माझाच राहिलाय,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “तुम्हाला नाही जमलं, तर त्या कॅमेरावाल्या काकांना सांगा ना.”