सात सेकंदांची आई

मुरबाडचा ज्ञानेश्वर घराच्या पुढच्या खोलीत बसून गावोगावच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करून द्यायचा; पण वारलेल्या आईचं शूटिंग त्याच्यापाशी होतं सात सेकंदांचं, तेही पाठमोरं. धाकट्या भावाच्या हळदीला त्यानं सगळे पाव्हणे टिपले होते. चुलीशी बसलेल्या आईच्या पुढ्यात जायला तेवढा टाइम मिळाला नव्हता.

जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला म्हणून त्यानं ती क्लिप लॅपटॉपवर घेतली, तर आईची मान जराशी वळलेली.

"आईचा गाल दिसतोय गो," तो बायकोला, प्रियांकाला म्हणाला.

"तुमीच तवा कॅमेरा हलवला आसंल."

त्यानं क्लिप दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. कानातली कुडी दिसली, अर्धं नाक दिसलं. मोबाइलवर घेतली, तेव्हा आईनं थेट त्याच्याकडे बघितलं, जेवलास का विचारताना बघायची तसं.

डोळे भरून बघून झाल्यावर त्यानं जुन्या कॉम्प्युटरवरची मूळ क्लिप उघडली. चूल पेटलेली होती, तव्यावर भाकरी करपत होती आणि पाटावर कोणीच नव्हतं.

प्रियांकानं त्याचा दंड घट्ट धरला. घरात ती दोघंच होती.

आतल्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.