कोऱ्या पानावरचे अभिप्राय

“हे ऐका, ताई. ‘मांत्रिकाला लुना कशाला? मंत्र म्हणून उडत का जात नाही?’” ग्रंथपाल रुपचंदभाऊंनी पुस्तक मागून उघडून धरलं होतं. “खाली दुसऱ्यानं लिहिलंय, ‘मंत्राला उपास लागतात. पेट्रोल बरं.’”

कुंदा हसली. कडेवरचं बाळ चुळबुळत होतं, त्याच्या दुधाची वेळ टळून गेली होती. तरी तिचा पाय निघेना.

“अजून?”

“‘भूत एस.टी.चं तिकीट काढतं, पटत नाही.’ ‘कंडक्टर सुटे परत देतो, हे त्याहून पटत नाही.’”

जळगावच्या त्या वाचनालयात शेवटच्या कोऱ्या पानावर मत लिहायची वाचकांची जुनी खोड होती. नाव कुणी घालत नसे. ‘मांत्रिक कौतिक’ या कादंबरीचं पान तर दोन्ही बाजूंनी भरलं, म्हणून रुपचंदभाऊंनी खळ लावून एक जादा कागद चिकटवला होता. धुळ्याच्या एका गल्लीत, सायकलच्या दुकानावर खोली घेऊन बसलेला हा कौतिक अंगठ्याच्या नखाला काजळ लावायचा आणि त्यात बघून हरवलेल्या माणसांचा तपास करायचा.

“चुका काढल्यात का कुणी?” कुंदाने विचारलं.

“तुम्ही नेहमी चुकाच विचारता. चांगलं लिहिलेलं ऐका की जरा.”

ती चांगलं ऐकायला आलीच नव्हती. कादंबरी तिची होती. पुरुषाच्या नावाने छापलेली, आणि नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नसलेली. बाळ झोपलं की वीस ओळी, उठलं की वही तांदळाच्या डब्याखाली, अशी लिहिलेली.

चार वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण पुष्पा पहाटे धुळ्याच्या सासरहून निघाली आणि संध्याकाळी सासरच्याच मळ्यातल्या विहिरीत सापडली. तोल गेला, सासरचे म्हणाले. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. पहाट ते संध्याकाळ पुष्पा कुठे होती, हे मात्र कुणी सांगितलं नाही. कुंदाला तेवढंच हवं होतं. कुणाला ती दिसली होती का. कुणी दोन शब्द बोललं होतं का तिच्याशी. तिने काही खाल्लं होतं का.

विचारून विचारून तोंडं बंद झाली, तेव्हा तिने तो दिवस कादंबरीत घातला. नावं बदलली. आणि मांत्रिकाच्या काजळात मुद्दाम खोटं दाखवलं: सून दिवसभर गावाबाहेरच्या देवळात एकटी बसून राहते. ज्याला खरं माहीत आहे त्याला हे टोचेल. नाव घालायचं नाही म्हटल्यावर मागच्या पानावर खरं लिहायला त्याचा हात शिवशिवेल.

धुळ्याच्या तीन वाचनालयांत वाचकांना हीच खोड होती; तिथे तिने प्रती पाठवल्या. पुष्पाचा दीर रहस्यकथांचा वेडा होता, सासूही वाचायची. कुंदाचा नवरा महिन्यातून एकदा कामाला धुळ्याला जायचा आणि तिथली मागची पानं उतरवून आणायचा. तो येईपर्यंत कुंदा आतबाहेर करायची. पाच महिने झाले होते. लुना आणि भूत यांपलीकडे काही नव्हतं.

घरी आली तर तिचे वडील, नाना, बाळाच्या पाळण्याशी बसून तेच पुस्तक वाचत होते. घरात एक प्रत होती, नवऱ्याने विकत आणली असं सांगून ठेवलेली. साक्रीच्या शाळेतून निवृत्त झाले, बाळ झालं, आणि नाना लेकीकडेच राहिले. एकट्याला तिकडे करमत नव्हतं.

चेष्टेत आले की ते अहिराणीवर यायचे. “हाई काय पुस्तक शे, कुंदा? बठ्ठा येड्यासना बजार.”

“वेड्यांचा बाजार, तर मग वाचता कशाला?”

“वाचल्याशिवाय नावं कशी ठेवणार?”

तिने बाळाला पदराखाली घेतलं. थोड्या वेळाने पानं उलटल्याचा आवाज थांबला. नाना विहिरीच्या प्रकरणापाशी आले असावेत. तिला वाईट वाटलं. म्हाताऱ्या जीवाला उगाच त्रास.

“ही सून,” नाना म्हणाले, “आपल्या पुष्पीसारखी वाटते.”

“हं.”

“लिहिणारा धुळ्याकडचा असेल. ऐकलं असेल कुठे.”

“नाना, त्या दिवशी ती तुमच्याकडे यायलाच निघाली असेल का हो?”

“माझ्याकडे आली असती,” नानांनी चष्मा पुसला, “तर आज अशी वेळ आली असती का, बाळा?”

चार वर्षांपूर्वीही ते हेच म्हणाले होते, याच शब्दांत. कुंदाने पुढे विचारलं नाही. तिच्याइतकंच त्यांनीही गमावलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला म्हणून गेले ते उशिरा आले. वाचनालयात बसलो होतो, म्हणाले. आणि बाळाला मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या आठवड्यात कुंदाला बघताच रुपचंदभाऊंनी हात वर केला.

“या, ताई. निघाली एकदाची तुमची चूक. पान नंबर घालून लिहिलंय कुणीतरी. मला तर काही बोध झाला नाही.”

“धुळ्याच्या प्रतीत?” तिने विचारलं. “तिकडून आली का?”

“नाही हो, आपल्याच. हे बघा ना.”

तिने बाळाला टेबलावर बसवलं, एका हाताने धरलं, आणि दुसऱ्या हाताने तो चिकटवलेला कागद उजेडाकडे केला.

‘पान ११८. चूक. ती देवळात बसली नव्हती. दहाच्या गाडीने साक्रीला माझ्या दारात आली होती. न बोलावता आलेली लेक घरात ठेवून घेत नाहीत, म्हणून दोन घास खाऊ घालून दुपारच्या गाडीत मीच तिला परत बसवून दिली.’