राहिलेला खिळा

बहात्तरच्या दुष्काळात भूमजवळच्या एका सोसायटीनं गोदामावर पन्हाळी पत्रे घातले. खिळे ठोकायला पिराजी वर, त्याची बायको मालनबाई खाली. वरून वासा दिसायचा नाही. मग ती खालून काठीनं दोनदा टकटक करी आणि पिराजी पत्र्याच्या नेमक्या त्या उंचवट्यावर खिळा ठोकी.

एकदा तिची काठी चुकली. खिळा वाशाशेजारून आरपार आला. पिराजीनं हसत तो उपटला.

"आन् हे भोक?"

"पाऊस कुठाय गळायला? उद्या बुजवतो."

त्याच रात्री पटकीनं तो गेला.

मालनबाई पुढं त्याच गोदामात झाडलोट करू लागली. त्या भोकातला कवडसा दिवसभर फरशीवरून सरकायचा. झाडू तिथं आला की ती जरा थांबायची. बारा वर्षं असंच चाललं.

"मावशी, उद्या पत्रे उतरणार," सेक्रेटरी आबाराव दारातून म्हणाले. "स्लॅब व्हायचाय. आता तरी ते भोक विसरा."

"विसरते की. एकदा सांगू तर द्या त्यास्नी."

ती पोत्यांच्या थप्पीवर चढली. भोकाशेजारच्या वाशापाशी तिनं झाडूच्या दांड्यानं दोनदा टकटक केली.

वर हातोडा वाजला. तिच्या कपाळावरचा कवडसा विझला. भोकातून खिळ्याचं कोरं टोक खाली आलं.

"आबाराव, वर कोण चढलंय?"

"कुणी न्हाय. शिडी तर इथं माझ्यापाशी हाय."

पत्रा करकरला. पावलं पुढच्या वाशापर्यंत गेली आणि तिच्या टकटकीची वाट बघत थांबली.