ज्ञानोबा सुतारांचा दहावा

गावातला जवळजवळ प्रत्येक पाळणा ज्यांनी घडवला, ते ज्ञानोबा सुतार गेले. दहाव्याला भीमेच्या घाटावर सारं गाव जमलं. पिंड ठेवताच कावळा उतरला आणि बायकांचे डोळे भरून आले. तेवढ्यात सरपंचानं टॉवेल झटकून त्याला हाकललं. "सायेब सणसवाडीपर्यंत आल्यात. त्यांची श्रद्धांजली झाल्यावर शिवू द्या." तासाभरानं साहेब आले, ज्ञानोबांना लोहार म्हणाले, मतं मागितली आणि फोटो काढून गेले. मग मात्र कावळा येईना. सरपंच पिंडापुढं हात जोडून म्हणाला, "आबा, काय इच्छा राह्यली आसंल ती आम्ही पुरी करू." ज्ञानोबांची लेक उठली. "आबांची कायबी इच्छा राह्यली न्हाई," ती म्हणाली. "त्यांना तुमची किळस आलीय." पिंड उचलून ती गुडघाभर पाण्यात शिरली. सरपंच अडवायला पुढं सरसावला, तशा बायका त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या.