चौथं पान

“नुसतं वाचायचंय. हळू वाच, आणि स्वल्पविराम आला की थांब,” टेबलावरची पानं नवऱ्याच्या हातात कोंबत ती म्हणाली. कडेवरची चार वर्षांची लेक तिच्या मानेला घट्ट बिलगली होती. कान ठणकत होता, अंगात ताप होता, आणि बाबाने घ्यायला हात पुढे केला की ती किंचाळत होती.

“मी? चर्चमध्ये?” तो म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आत अडकलेल्यांना ‘घाबरू नका, आलोच’ एवढंच काय ते त्याचं भाषण.

“पाद्रीसाहेबांचा आवाज बसलाय. फोनवर नुसती शिट्टी वाजत होती. तेच म्हणाले, मिस्टरांना पाठवा. परीक्षकबाई दोन तास गाडी चालवून आल्यात रे. आजचा उपदेश झाला नाही तर वर्ष वाया जाईल.”

त्याने एकवार लेकीकडे पाहिलं, पानांची गुंडाळी केली आणि निघाला.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, आणि दोन वर्षांपासून अँग्लिकन चर्चची पाद्री होण्याचं शिक्षण घेत होती. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी वर्ग, शनिवारी वृद्धाश्रमात भेटी, उरल्यासुरल्या वेळात निबंध. दिवसभर परक्या माणसांना ‘आता बरं दिसतंय की आधी?’ म्हणून विचारायचं, आणि घरी आलं की पुस्तकात डोकं खुपसायचं. डबे, शाळा, लेकीच्या वेण्या, सगळं नवऱ्याने अंगावर घेतलं होतं. पहिल्या वर्षी तो भांडायचा. हल्ली भांडत नव्हता. तिला त्या न भांडण्याचीच जास्त धास्ती वाटायची.

औषध पोटात गेल्यावर लेक जरा निवली. चित्र काढायला कागद हवा म्हणाली. ती प्रिंटरपाशी गेली आणि जागीच थबकली.

ट्रेमध्ये उपदेशाची चार पानं होती. शुक्रवारी सुधारलेली. म्हणजे त्याने नेला तो गुरुवारचा कच्चा मसुदा.

विषय होता त्या दोन बहिणींचा, मार्था आणि मरीयेचा. येशू घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था कामाला जुंपलेली असते आणि चिडते. गुरुवारी तिने लिहिता लिहिता चौथ्या पानावर लिहून टाकलं होतं, “मी स्वतःला मरीया समजत आले. पण आमच्या घरी एक मार्था आहे, आणि तो माझा नवरा आहे. पाद्री होऊ का, असं मी दोन वर्षं देवाला विचारतेय. घरात कधी विचारलंच नाही, नुसतं सांगितलं. तो नाही म्हणाला, तर मी थांबायला हवं.”

शुक्रवारी तिने ते खोडलं होतं. वाईट लिहिलं होतं म्हणून नव्हे. तो खरंच नाही म्हणाला असता तर, म्हणून.

तिने त्याला फोन लावला. फोन फ्रिजवर वाजला.

दहा वाजून दहा मिनिटं. उपदेश सव्वादहाला. लेकीला उचलून ती दारापर्यंत गेली, परत आली. पाद्रीसाहेबांना फोन केला. बंद. खिडकी उघडली, लावली. लेकीने मुसमुसत विचारलं, “आई, तू कुठे चाललीस?” “कुठेच नाही गं चिमणे,” ती म्हणाली आणि पुन्हा फेऱ्या मारायला लागली. साडेदहा वाजून गेले. पावणेअकराला परीक्षकबाईंचा निरोप आला, “उपदेश ऐकला. सोमवारी बोलू.” त्या चार शब्दांचे तिने पाच अर्थ लावले, एकही बरा नव्हता.

साडेअकराला किल्ली फिरली. त्याने बूट काढले, हात धुतले, मांडीवर झोपलेल्या लेकीच्या कपाळाला हात लावला.

“उतरलाय,” तो म्हणाला.

“चौथं पान...”

“वाचलं.”

“सगळं? सगळ्यांसमोर?”

“मग! स्वल्पविरामाला थांबलोसुद्धा.” तो कोचाच्या कडेला टेकला. “शेवटाला आलो आणि तोंडातून निघूनच गेलं, ‘अगं, मग विचार की!’ माईक चालू होता. मंडळी हसली. परीक्षकबाई नाही हसल्या. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.”

तिलाही हसू आलं नाही. त्याला पटवायला म्हणून तिने दोन वर्षांत किती कारणं जमवून ठेवली होती. ती शिकल्यावर वेळ मिळेल, घर चर्चच्या शेजारी असेल, रविवार सोडला तर ती घरीच असेल. त्यातलं एकही आता ओठावर येईना.

“होऊ का मी पाद्री?” तिने विचारलं.

त्याने खिशातली पानांची गुंडाळी काढून उलगडली, गुडघ्यावर सपाट केली.

“नाही म्हटलं तर खरंच थांबशील? की ते आपलं उपदेशापुरतं?”

लेक झोपेत कण्हली. तिने तिला थोपटलं. हो म्हणणं सोपं होतं, पण समोरचा माणूस आज पहिल्यांदाच विचारत होता, आणि त्याला खोटं सांगून चालणार नव्हतं. तिला ती रिकामी होणारी मंगळवारची संध्याकाळ दिसली, कपाटात बांधून ठेवलेली पुस्तकं दिसली.

“थांबेन,” ती म्हणाली. आणि ते खरं आहे हे कळून तिची तीच घाबरली.

तो तिच्याकडे बघत राहिला. कितीतरी दिवसांनी असा.

“मग हो,” तो म्हणाला.