चाटून पारख

भावाबहिणीत वडिलांच्या नाण्यांची वाटणी मामाच्या दुकानात चालली होती. भाच्याने ताईची नजर चुकवून तिच्या वाट्याचं गोऱ्यांच्या काळातलं राणीछाप नाणं गिळलं, वर तांब्याभर पाणी ढोसलं. नाण्यांच्या धंद्यात केस पिकवलेला मामा ते बघून मिशीतल्या मिशीत हसला. तिसऱ्या दिवशी भाचा हजर. “मामा, मित्राचं राणीछाप आहे. विकून देशील?” रुमालात तेच नाणं. ते कुठल्या वाटेने आलं हे ओळखून मामाने पुढे केलेला हात मागे घेतला. तरी खोडी काढलीच. “खरी चांदी जिभेला गोड लागते. चाट बघू.” वाटलं, पोरगं ओशाळेल. भाच्याने लपालपा चाटलं. “साखर आहे, मामा!” मामानेच तोंड फिरवलं. लोहचुंबक टेकवताच नाणं खटकन चिकटलं. “चांदी चिकटत नाही, गाढवा. ही पर्यटकांना विकायची नक्कल, तुझी खोड ओळखून वाटणीत मीच ठेवलेली. अस्सल ताईकडे आहे.” भाच्याने ओठ पुसले. “मग नकलेचे किती येतील?”